मसणवट्याचा आवाज

आमच्या घरात आवाज फाटणं हा गुन्हा होता. दूध नासलं तर माय त्यात गूळ घालून आटवायची आणि आम्हाला वाटीवाटी द्यायची, पण लग्नाच्या मांडवात कर्णा खरखरला तर नाना दोन दिवस ताटावरून मान वर करत नसत. आखाडा बाळापूरला बाजाराच्या तोंडाशी नानांचं मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर आणि दोन्हींच्या मधे पत्र्याचं गोडाऊन. गोडाऊनमध्ये सतरंज्यांच्या गुंडाळ्या, कनाती, बल्ल्या आणि एका फळीवर ओळीनं मांडलेली अँप्लिफायरं. नाना त्यांना मशीन म्हणत. मशीनचा कान, म्हणजे आवाजाचं बटण, अर्ध्याच्या पुढं पिळायचा नाही, पिळला की आवाज फाटतो आणि फाटला की इज्जत गेली, एवढंच त्यांचं शास्त्र. मांडवात ते माईकजवळ कधी थांबत नसत. पार शेवटच्या पंगतीच्या मागे, जिथे बायका खरकटी ताटं उचलत असतात तिथे जाऊन उभे राहत आणि तिथून आवाज नितळ येतो का ते ऐकत. सकाळी सात वाजता त्यांचं ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन’ व्हायचं आणि त्यावर आमच्या गल्लीतल्या चुली पेटायच्या. माझी धाकटी बहीण कौशी अंथरुणातूनच त्यांची हुबेहूब नक्कल करायची. मायला खरं कोण आणि नक्कल कोणती हे कळायचं नाही. मला कळायचं. नक्कल जास्त चांगली असायची.

हे मी आज कबूल करतो. तेव्हा मला फक्त राग यायचा.

नानांनी मला पॉलिटेक्निकसाठी नांदेडला धाडलं. दोन वर्षांनी मी नापास होऊन परत आलो, येताना ट्रंकेत एक कॅसेट घेऊन आलो. ती मला हॉस्टेलमधल्या लालानं दिली होती. लाला मिझोरमचा. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, आम्ही पहिला तुकडाच घेतला. कॅसेटवरचं नाव घासून गेलेलं होतं, कुणाची होती देव जाणे. लाला हिंदीत एवढंच म्हणाला होता की याला डेथ मेटल म्हणतात आणि पहिल्यांदा ऐकताना जेवलेलं नसावं. मी जेवून ऐकलं. मळणीयंत्रात दगड अडकावा तशी गिटार, त्यामागे न थांबणारा ढोल आणि या सगळ्याच्या खालून एक आवाज. माणसाचा आहे हे पटायला मला दोन गाणी लागली. तो गात नव्हता, गुरगुरत होता. मरणाबद्दल काहीतरी सांगत होता आणि त्याला त्याचं अजिबात वाईट वाटत नव्हतं. तोवर मरण म्हटलं की भजनी मंडळ आणि टाळ एवढंच मी ऐकलेलं. मला वाटलं, आपल्याला हेच करायचंय. का वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. नापास झालेल्या माणसाला मोठ्यानं ओरडायला काहीतरी सभ्य कारण हवं असतं, असं असेल.

बाजारगल्लीत अझीमचं घर होतं. त्यांची लग्नातली बँडपार्टी, बाप क्लॅरिनेट वाजवायचा, चुलते ट्रम्पेट. अझीम साइड ड्रम वाजवायचा, आणि वरात रेंगाळली की कंटाळून इतका जलद वाजवायचा की घोडा बिचकायचा. मी त्याला कॅसेट ऐकवली. त्यानं डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, ‘‘ये तो मेरे लायक काम है.’’ मोठा ढोल त्यानं जमिनीवर आडवा ठेवला, त्याला सायकलच्या पॅडलची लाथ बसवली, झांजा खिळ्याला टांगल्या. मी नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी गिटार आणली. तिचा आवाज कसा फाडायचा हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. नानांच्या मशीनचा कान अर्ध्याच्या पुढं पिळला, झालं. आयुष्यभर जे नाना टाळत आले ते आम्ही पहिल्याच दुपारी करून टाकलं. नाव ठेवलं ‘मसणवटा’. दोन गाणी मी लिहिली, ‘गिधाडांची पंगत’ आणि ‘मातीचं पोट’. आमच्या भागात असलं काही त्याआधी कुणी केलेलं नव्हतं, हे आता लोक सांगतात. तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं की असलं काही करणारे आपण दोघं आहोत आणि दोघंही नानांना भितो.

राहिला गळा. तो माझाच असणार यात मला शंका नव्हती. बँड माझा, कॅसेट माझी, गाणी माझी. आठ महिने मी गुरगुरायचा सराव केला. विहिरीवर केला, तुरीत बसून केला, तोंडात सतरंजी कोंबून केला. निघायचा तो खोकला. माय मला ज्येष्ठमध चघळायला द्यायची, हळद-गुळाच्या गोळ्या करायची आणि शेजारणींना सांगायची की पोराला नांदेडचं पाणी बाधलं. अझीम चांगला माणूस, त्यानं कधी हसून दाखवलं नाही. फक्त मी गुरगुरलो की तो ढोल जरा जोरात वाजवायचा.

एके दुपारी कौशी आमच्यासाठी धपाटे आणि दही घेऊन गोडाऊनमध्ये आली. ती तेव्हा अठरा-एकोणीसची असेल. तिच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. आमचं थोडंसं कोरडवाहू रान होतं आणि ज्वारी दाण्यावर आली की दिवसभर माळ्यावर बसून पाखरं हाकायचं काम लहानपणापासून तिच्याकडे होतं. मी शिकणारा, म्हणून मला सूट. पाखरं बारीक आवाजाला भीत नाहीत. चार दिवसांत त्यांना कळतं की हे लेकरू आहे, मग ती माळ्याखालच्या कणसावर येऊन बसतात. म्हणून कौशीनं तिथे एकटीनं बसून दुसरा आवाज शोधून काढला, खालचा, पोटातला. त्यापायी तिचा बोलायचा आवाजही घोगरा झाला. शाळेत बाई तिला प्रार्थनेच्या वेळी मागच्या रांगेत नुसते ओठ हलवायला लावायच्या. बघायला आलेल्या दोन स्थळांनी ‘पोरीला सर्दी हाय का’ असं विचारलं होतं आणि परत आली नव्हती.

तर ती धपाटे ठेवून उभी राहिली, मला खोकताना पाहत. मग म्हणाली, ‘‘तसं न्हाई दादा. तू गळ्यातून काढून राहिला. गळ्याला काहून तकलीफ देतो? बेंबीपासून काढ.’’ आणि तिनं काढून दाखवला.

फळीवरच्या मशीनांचे पत्रे थरथरले. अझीमच्या हातातली काठी खाली पडली. त्या कॅसेटमधला माणूस माझ्या बहिणीच्या तोंडून, परकराला हात पुसत, आमच्या गोडाऊनमध्ये उभा होता. खरं तर त्याच्याहून मोठा, कारण याला आमच्या मातीचा वास होता. मी टाळ्या वाजवल्या असतील बहुतेक. पण आत जे झालं ते स्पष्ट आठवतं. आठ महिने मी रक्त ओकायचा बाकी होतो आणि हिला ते पाखरांनी फुकट शिकवलं होतं.

अझीमनं निर्णय एका वाक्यात घेतला, ‘‘गाएगी तो कौशी.’’ मला विचारलंसुद्धा नाही. नाना मंडप ठोकायला गावोगाव जायचे, त्या दुपारी आमचा सराव चालायचा. नानांना वाटायचं पोरं ऑर्केस्ट्रा काढताहेत, कौशी आत असते हे त्यांना माहीत नव्हतं. मायला माहीत असावं, ती धपाटे तिघांचे द्यायची. कौशीला माझी गाणी एकदा सांगून पाठ झाली. मग ती त्यात बदल सुचवू लागली. ‘गिधाडांची पंगत’मध्ये मी गिधाडं उपाशी बसलीत असं लिहिलं होतं. ती म्हणाली, उपाशी न्हाई, जेवून सुस्तावलेली पाहिजेत, तवा भ्या वाटंल. तिचं बरोबर होतं, म्हणून मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. आयत्या बिळावर नागोबा, असं मी तिला मनात म्हणायचो. ताटात मोठी भाकरी तिला आली तरी मी मोजू लागलो होतो. माणूस एकदा जळायला लागला की त्याला कुठलंही सरपण चालतं.

हळद शिजवायचे दिवस होते, सगळ्या गावाला तो ओला पिवळा वास, तेव्हा आम्ही दोन्ही गाणी नानांच्या डेकवर कॅसेटमध्ये भरली. भिंतींना कनाती टांगल्या, पत्र्यावर आवाज घुमू नये म्हणून. कौशी एका दमात म्हणून गेली. मग मी त्या कॅसेटच्या दहा प्रती केल्या आणि पुठ्ठ्याची दहा कार्डं कापून त्यावर लिहायला बसलो. माझं अक्षर चांगलं होतं, मंडपाच्या पाट्या मीच रंगवायचो. मसणवटा. ढोल : अझीम. गिटार : दत्ता. आणि त्याखाली, गायन : दत्ता. कौशी शेजारी शेंगा फोडत बसली होती. मी तिच्याकडे न बघता सांगितलं की पोरीचं नाव कसं टाकायचं, उद्या कुणाच्या हाती पडलं तर नानांची मान खाली जाईल, तुझं लग्न व्हायचंय. सगळं खरं होतं. खऱ्या कारणांचा मला त्या दिवशी फार उपयोग झाला. कौशीनं एक कार्ड उचललं, दोनदा वाचलं आणि परत ठेवलं. ‘‘अक्षर चांगलंय तुझं,’’ म्हणाली. आयत्या बिळाची म्हण मला तेव्हा काही आठवली नाही.

काही कॅसेटी मी लालाला टपालानं धाडल्या, महिन्याभरात त्याचं पत्र आलं. कॅसेट अख्ख्या हॉस्टेलनं ऐकली, गुवाहाटीला, मुंबईला, कुठेकुठे मित्रांना धाडली. ‘तेरी आवाज’ हे शब्द त्या पत्रात सहा वेळा होते. शेवटी लिहिलं होतं की कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यानं आमचं नाव घातलंय, या. पत्र मी अझीमला वाचून दाखवलं. कौशीला फक्त शेवटचं सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तिनं दोन दिवसांत सगळं जुळवलं. नांदेडच्या मावशीकडे चार दिवस जाते म्हणून मायची परवानगी काढली, काळ्या खणाचं पोलकं शिवायला टाकलं. स्टेजवर ती उभी राहणार आणि ज्या आवाजाला सगळे माझा म्हणत होते तो तिच्या तोंडून निघणार. मला ती गोष्ट झोपू देत नव्हती. दहा कार्डं खोटी ठरणार याची लाज होतीच, पण त्याहून मोठं दुखणं वेगळं होतं. ते सगळे तिच्याकडे बघणार होते आणि मी बाजूला उभा राहून तारा खाजवणार होतो.

गॅदरिंग दोन आठवड्यांवर आलं असताना एका बाजाराच्या दिवशी ते घडलं. बाजाराच्या दिवशी नाना गावी कुठे जात नसत. दुकानावर चार दिशांना चार कर्णे होते आणि त्यावरून ते हरवलेली लेकरं, चुकलेली जनावरं असलं पुकारत. बाहेरच्या कर्ण्यांचं बटण गोडाऊनच्या भिंतीवर होतं, चालू असलं की त्यावर लाल दिवा पेटायचा. पुकारून झालं की नाना स्वतः बटण बंद करत, जन्मात कधी विसरले नाहीत. त्या दुपारी कुणाचं तरी पोरगं हरवलं, सापडलं, त्या गडबडीत ते हात धुऊन जेवायला आत गेले आणि बटण राहिलं. अझीम वरातीला गेला होता. मी गिटारची तुटलेली तार बदलत खाली बसलो होतो. नाना जेवून, वामकुक्षी करून येईस्तोवर तासभर आहे म्हणून कौशीनं माईक घेतला आणि सरावाला उभी राहिली. मी मान वर केली तेव्हा दिवा पेटलेला होता. तो मी पाहिला. उठून दोन पावलं टाकली असती तर बटणाला हात पोचला असता. मी पुन्हा मान खाली घातली आणि तार ओढू लागलो.

‘मातीचं पोट’ तिनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. ढोल नाही, गिटार नाही, नुसता गळा. गोडाऊनमधल्या स्पीकरच्या खोक्याचा आवाज इतका मोठा होता की बाहेरचं आत ऐकू येत नव्हतं. संपल्यावर ऐकू आली ती शांतता. बाजाराच्या दिवशी दुपारी शांतता म्हणजे काय ते आमच्या गावच्या माणसालाच कळेल. नंतर लोकांनी सांगितलं, भजीवाल्याचा झारा हातातच राहिला, बैलांनी दावी ओढली, चार बायका जागच्या जागी हात जोडून बसल्या. चारही दिशांनी, आभाळातून, कुणीतरी मातीच्या पोटाबद्दल बोलत होतं.

ते गाणं आहे असं एकाच्याही मनात आलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बाईच्या तोंडून तसा आवाज निघताना आमच्याकडे माणसांनी एकाच वेळी ऐकलेला असतो, अंगात आल्यावर. गोडाऊनचं दार उघडलं तेव्हा समोर पन्नासेक माणसं होती. कौशी घामानं थबथबलेली, गाताना वाकायची सवय म्हणून केस सुटलेले, हातात माईक. शेजारच्या चुरमुरे विकणाऱ्या भागामावशी पुढे झाल्या, पदर पसरला आणि अंगातल्या देवीला जे विचारतात तेच त्यांनी विचारलं, ‘‘माय, कोण हायेस तू? कुठून आलीस?’’

कौशीनं माझ्याकडे पाहिलं. तिला उत्तर देता आलं असतं, पण तिनं ते मला द्यायला ठेवलं, कारण बँड माझा होता. तेवढ्यात नाना आले, उष्टा हात तसाच, वरण मनगटापर्यंत ओघळलेलं. त्यांनी आधी भिंतीवरचा दिवा पाहिला, मग कौशीला पाहिलं, मग मला. ‘‘दत्त्या,’’ ते अगदी हळू म्हणाले, ‘‘काय हाय रे हे?’’

मला सांगायचं होतं, नाना, ही गाते, आपल्या भागात असं कुणी गात नाही. मी म्हणालो, ‘‘तिला अधूनमधून होतं तसं, नाना.’’

भागामावशींनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. कुणीतरी लिंबू आणलं, कुणी नारळ. कौशीनं माईक खाली ठेवला, सावकाश, तो आपटला की फाटका आवाज येतो म्हणून. मग तिनं डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं वारं उतरलं.

त्यानंतर मंगळवारी-शुक्रवारी बायका ओट्या घेऊन यायला लागल्या. माझ्या पोरीला पोर कधी होईल, म्हैस कुठे गेली, असलं विचारायच्या. कौशी भिंतीकडे तोंड करून बसायची. नानांना ते सोसेना. त्यांनी गोडाऊनला कुलूप घातलं आणि उन्हाळ्यातच साखरा गावचं स्थळ उरकलं. त्या लोकांनी आवाजाबद्दल काही विचारलं नाही, त्यांना कीर्ती पोचलेली होती, देवीची पोरगी घरात येते म्हणून ते खूश होते. काळ्या खणाचं पोलकं तिनं कधी घातलेलं मी पाहिलं नाही.

गॅदरिंगला मी आणि अझीम गेलो. गायन : दत्ता. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला माझा गळा बसला आणि पुढचं सगळं खोकल्यात गेलं. पोरं हसली. लाला हसला नाही, स्टेजच्या मागे येऊन फक्त म्हणाला, ‘‘कॅसेट में कौन है?’’ मी त्याला तब्येतीचं सांगितलं. येताना बसमध्ये अझीम दुसऱ्या बाकावर बसला. एवढाच आमच्या बँडचा इतिहास : दोन गाणी, दहा कॅसेटी आणि एक खोकला.

ही गोष्ट इथेच विरली असती तर बरं झालं असतं. मी नानांचं दुकान सांभाळलं, पुढे डीजेचे खोके आले, पोरांच्या हाती धंदा दिला. आता गुडघे दुखतात आणि दुपारी ओट्यावर बसून मी आल्यागेल्याला हाका मारतो. चारेक वर्षांपूर्वी समीर नावाचा एक माणूस पुण्याहून मला शोधत आला. कंप्युटरवाला आहे, मूळचा कळमनुरीचा. त्याला आमची एक कॅसेट कुठल्याशा जुन्या सामानात सापडली होती. ती त्यानं इंटरनेटवर चढवली आणि खाली लिहिलं, मराठवाड्यातला पहिला डेथ मेटल बँड. ज्या देशांची नावं मला उच्चारता येत नाहीत तिथल्या पोरांनी त्यावर लिहिलं होतं की असा गळा ऐकला नाही. समीर माझ्या पाया पडला. म्हणाला, सर, एकदा तो आवाज काढून दाखवता का? चोराच्या मनात चांदणं, मी लगेच सांगितलं की घशाचं ऑपरेशन झालंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या चार वर्षांत माझे दोन सत्कार झाले, एक हिंगोलीला, एक नांदेडला, आणि दोन्ही शाली मायच्या ट्रंकेत आहेत. त्या मी कधी पांघरल्या नाहीत, पण परतही केल्या नाहीत.

यंदा समीरचा फोन आला की एक कंपनी ती दोन गाणी नव्यानं काढणार आहे, चांगली छापील पुस्तिका वगैरे, तर नावं एकदा लिहून सही करून पाठवा. मी कागद घेऊन बसलो. ढोल लिहिलं, गिटार लिहिलं आणि तिसऱ्या ओळीला हात थांबला. सही करायची म्हणजे जाणतेपणी दुसऱ्यांदा करायचं. कागद तसाच खिशात घालून सकाळच्या गाडीनं मी साखऱ्याला गेलो.

कौशी रानात होती. दाजींनी वाट दाखवली. तुरीच्या कडेनं चालत गेलो आणि बांधावर पोचलो तोच कानाशी तो आवाज फुटला. तीस-बत्तीस वर्षांनी. मी खाली बसलो, खरंच बसलो. एका बल्लीवर बॅटरीचा भोंगा बांधला होता, डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, हाकायला लावतात तसला. बाकीच्यांच्या भोंग्यात कुत्रं भुंकतं, फटाके वाजतात. हिच्या भोंग्यात ही होती, दर दोन मिनिटांनी. ऐकत राहिलो तर तेच परत वाऱ्यावरून पलीकडच्या रानातून आलं, आणि त्याच्या पलीकडून.

कौशी खुरपं टाकून आली. केस पांढरे झालेत, अंगानं भरली आहे. म्हणाली, नातवाच्या मोबाइलमध्ये भरला एकदा, मग गुण आला म्हणून ज्यानं त्यानं मागून नेला, आता सेनगावपर्यंत गेला म्हणतात. मी विचारलं की डुकरं खरंच येत नाहीत का. ती हसली. म्हणाली, डुकरांचं जाऊ दे, लग्न झाल्यावर तुझे दाजी एकदा पिऊन आले होते, हात उगारला, मी एकदाच असं केलं, तेव्हापासून या घरात माझ्यावर कुणी हात उगारला नाही. देवीचं मला तेवढं फळ मिळालं. आणि मी, खोटं कशाला बोलू, तिथे तुरीत उभा राहून पुन्हा जळलो. माझं नाव दूरदेशीची पोरं घेत होती आणि मला हेवा वाटत होता एका भोंग्याचा.

तिनं फडक्यातली भाकरी सोडली. अंबाडीची भाजी, ठेचा. दोन घास खाल्ले आणि मी सांगून टाकलं. त्या दिवशी कर्ण्यांचा लाल दिवा पेटलेला मी पाहिला होता, कौशे. मुद्दाम बंद केला नाही. तीस वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

‘‘मलाबी दिसला व्हता,’’ ती म्हणाली.

मी घास खाली ठेवला. ‘‘मग बंद का नाही केलास?’’

‘‘काहून करू? समदा बाजार व्हता बाहेर. नांदेडला जायाला नाना सोडतील का न्हाई काय भरवसा? म्हणलं आता म्हणून घ्यावं.’’ तिनं माझ्या भाकरीवर ठेचा वाढला. ‘‘दिव्याचं काई न्हाई, दादा. नानानं तुला इचारलं तवा तू काय म्हणलास, तेवढं मला अजून ऐकू येतं.’’

म्हणजे ज्या पापाला मी जन्मभर माझं समजून सांभाळलं ते माझं नव्हतंच. तेसुद्धा तिनं केलं होतं, माझ्याआधी आणि माझ्याहून चांगलं. माझ्या वाट्याला फक्त एक वाक्य आलं होतं. मी हात धुतला, खिशातून कागद काढला आणि मांडीवर ठेवून तिसरी ओळ लिहिली. गायन : कौशल्या. सही केली आणि तिच्यापुढे धरला. तिनं चष्मा लावून दोनदा वाचला.

‘‘अक्षर चांगलंय अजून,’’ म्हणाली आणि खुरपं घेऊन ओळीला लागली.

परत येताना सेनगावच्या जीपमध्ये माझ्या शेजारी एक शेतकरी बसला होता, साखऱ्याचा नव्हे, पुढच्या कुठल्याशा गावचा. त्याचा फोन वाजला आणि जीपमधली दोन लेकरं आईला बिलगली. रिंगटोनला कौशीच. तो मला अभिमानानं सांगू लागला की हा आवाज त्यानं रानात लावलाय, डुक्कर फिरकत नाही, पण कुणाचा आहे ते कुणाला ठाऊक नाही. मी काय करतो असं त्यानं विचारलं. साउंडचं दुकान होतं, मी सांगितलं. तो माझ्याकडे नीट बघून म्हणाला, ‘‘मंग तुमचाच असंल. पक्क्या गड्याचं काम हाय हे.’’

जीपमधले सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या दिवशीच्या बाजारासारखेच.

‘‘न्हाई,’’ मी म्हणालो, ‘‘माझ्या बहिणीचा हाय. गाते ती.’’